समोरच्या खोलीतला कागद

आमच्या कुरखेड्याच्या घरात काही लपून राहत नसे, आणि त्याला कारण होता प्रिंटर.

घर लांबुडकं होतं. रस्त्याला लागून समोरची खोली, मग अंगण, अंगणाच्या कडेला स्वयंपाकघर आणि सगळ्यात शेवटी आमची खोली. प्रिंटर समोरच्या खोलीत आणि माझा कॉम्प्युटर मागच्या. मी मागे बसून जे छापायला पाठवायचे ते समोर, आल्यागेल्याच्या देखत बाहेर पडायचं. मग ते कोणीही उचलावं, कोणीही वाचावं. सुरुवातीला या गोष्टीचा मला फार राग यायचा.

ही जोडणी माझ्या नवऱ्याने केली होती. दोन हजार सात-आठचे दिवस. तो पंचायत समितीत कॉम्प्युटरवर माहिती भरण्याचं काम करायचा आणि घरी आल्यावर पुन्हा कॉम्प्युटरपुढेच बसायचा. आधी त्याने अंगणातून केबल ओढली होती, ती उंदरांनी कुरतडली. दुसरी ओढली, तीही कुरतडली. तिसरी न ओढता तो नागपूरहून वायफायचा डबा घेऊन आला. दोन्ही कॉम्प्युटरना त्याने नावं दिली. त्याच्या कॉम्प्युटरचं नाव ‘समोर’, माझ्याचं ‘मागे’. प्रिंटर ‘समोर’ला जोडलेला. त्यामुळे मला काही छापायचं असलं की समोरचा कॉम्प्युटर सुरू असावा लागे. मी स्वयंपाकघराच्या दारातून ओरडायचे, “सुरू करा हो!” आणि कागद निघाला की तो तिकडून ओरडायचा, “निघाला!” बिनतारी म्हणून आणलेलं ते यंत्र आम्ही दोघं तोंडानेच चालवत होतो.

माझे सासरे, त्यांना मी मामाजी म्हणायचे, या प्रकाराकडे संशयानेच बघत. ते मच्छीमार संस्थेचे सचिव होते. सातवी शिकलेले, तलावावर वाढलेले. कागद हवेतून जातो म्हटल्यावर त्यांनी पावसाळ्यात कसं जमेल, असं अगदी गंभीरपणे विचारलं होतं. नवरा हसला. मामाजी हसले नाहीत. त्या दिवसापासून पाऊस सुरू असला की ते संस्थेचं काही छापायला सांगत नसत.

त्याच पावसाळ्याच्या शेवटी माझा नवरा गेला. ताप आला, दोन दिवस साधाच वाटला, तिसऱ्या दिवशी तो माणसं ओळखेना. मलेरिया मेंदूत गेला असं गडचिरोलीच्या डॉक्टरांनी सांगितलं. चौथ्या दिवशी आम्ही त्याला घेऊन परत आलो. आमची मुलगी तेव्हा चार वर्षांची होती. सासूबाई माझ्या लग्नाआधीच गेलेल्या. म्हणजे घरात उरलो आम्ही तिघं.

दीड-दोन महिने समोरच्या कॉम्प्युटरवर कापड होतं. मग संस्थेला तलावाच्या ठेक्याचा अर्ज करायची वेळ आली. हे कागद आजवर नवराच करायचा. मामाजींनी मला थेट म्हटलं नाही, जुना अर्ज आणून स्वयंपाकघराच्या ओट्यावर ठेवला आणि तलावावर निघून गेले. मी तो टाइप केला, पण मागच्या खोलीत, माझ्या कॉम्प्युटरवर. समोरच्या खुर्चीवर बसायला माझा धीर होत नव्हता. टाइप झाल्यावर लक्षात आलं की समोरचा कॉम्प्युटर सुरू केल्याशिवाय हे छापलं जाणार नाही. मी दारात उभी राहिले. ओरडायची सवय होती, पण कोणाला ओरडणार?

तलावावरून परतलेल्या मामाजींनी ते माझ्या दारात उभं राहण्यावरून ओळखलं. त्यांनी कापड काढलं आणि बटण कुठलं ते विचारलं. आधी स्टॅबिलायझर, मग कॉम्प्युटर, मग प्रिंटर, एवढं तीन बटणांचं शिक्षण त्यांनी एका संध्याकाळी घेतलं. त्यानंतर मी दारातून सांगायचे, “मामाजी, सुरू करा,” आणि थोड्या वेळाने तिकडून आवाज यायचा, “निघाला!” पहिल्यांदा तो आवाज आला तेव्हा मी मागच्या खोलीचं दार लावून घेतलं आणि रडले. त्यांनी ते ऐकलंही असेल.

हळूहळू ते आणखी एक गोष्ट शिकले. वडशाचा शाई भरून देणारा त्यांना म्हणाला होता, प्रिंटर पडून राहिला तर शाई सुकते. तेव्हापासून मामाजी दिवसाआड सकाळी प्रिंटर सुरू करून एक कागद काढायचे. मी त्यांना एकच फाइल उघडायला शिकवली होती, संस्थेचं कोरं लेटरहेड. तेवढंच ते छापत. वर संस्थेचं नाव, खाली सगळं पांढरं. प्रत्येक कागदावर मधोमध एक बारीक पांढरी रेघ उमटायची, ती शाईवाल्यालाही कधी घालवता आली नाही.

आणि शिक्का. मामाजींच्या लेखी प्रिंटरमधून निघालेला कागद म्हणजे संस्थेचा कागद. तो निघाला की ते त्यावर फुंकर घालत, शाई वाळू देत, मग डब्यातून शिक्का काढून खाली गोल उठवत आणि सही करत. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवायचे. एकदा मी तिसरीच्या वर्गाची गणिताची प्रश्नपत्रिका पाठवली आणि अंघोळीला गेले. येऊन बघते तर वीसच्या वीस प्रतींवर मच्छीमार संस्थेचा शिक्का. दुसरे कागद नव्हते. माझ्या शाळेतल्या मुलांनी तो पेपर तसाच सोडवला. एका मुलीने शिक्क्यातल्या माशाला डोळा काढला होता. मी मामाजींना ती उत्तरपत्रिका दाखवली. नवरा गेल्यानंतर ते हसलेले मी तेव्हा पहिल्यांदा बघितले.

एवढं सगळं चांगलं सांगते आहे, मग मला जायचं का होतं? हा प्रश्न मला पुष्कळांनी विचारला. खरं उत्तर असं की मामाजींचा मला काडीचा त्रास नव्हता. ते सकाळी उठून भात टाकत, मासोळी असली तर मासोळी, नाहीतर वांग्याची भाजी, आणि माझा डबा भरून ठेवत. मी सातच्या बसने शाळेच्या गावी जायचे. मुलीच्या डोक्याला तेल लावून, वेण्या घालून तिला शाळेत ते सोडत. वेण्या जाळ्याच्या गाठीसारख्या पक्क्या असायच्या, संध्याकाळी सोडवताना ती रडायची. पण त्या घरात प्रत्येक वस्तू मला नवऱ्याची आठवण देत होती, आणि आठवण देऊन गप्प बसत नव्हती. मला माझ्या माहेरी, सिंदेवाहीला जायचं होतं. आई तिथे होती. मला काही दिवस कोणाची तरी लेक होऊन राहायचं होतं. ही इच्छा मामाजींना सांगायची माझी हिंमत झाली नाही. मुलगा गेला, आता नातही नेते, हे कोणत्या तोंडाने सांगू?

म्हणून मी चोरून केलं. दुसऱ्या जिल्ह्यात बदलीचा अर्ज द्यायचा होता. सोबतच्या एका बाईंनी सांगितलं की नुसतं ‘माहेरी जायचं आहे’ म्हणून कोणी बदली देत नाही, कारण वजनदार लागतं. त्यांनी वाक्यच सांगितलं. मी ते तसंच टाइप केलं: ‘माझ्याकडे व माझ्या मुलीकडे पाहणारे सासरी कोणीही नाही.’

टाइप करताना पलीकडे स्वयंपाकघरात मामाजी माझ्याच डब्यासाठी वांगी चिरत होते. मी ते वाक्य खोडलं आणि पुन्हा लिहिलं. असं दोनदा झालं. शेवटी ते राहिलं.

छापायचं कसं हा प्रश्न होताच. दिवस निवडला तो नवरा गेल्यानंतरच्या वर्षीच्या दसऱ्याचा. दुपारी मामाजी सोनं द्यायला मुलीला घेऊन गावात जाणार, तासभर तरी येणार नाहीत, हे मला माहीत होतं. सकाळी आमच्याकडे जाळ्यांची पूजा असायची. समोरच्या खोलीत जाळी, वजनं, सुया, डोंग्याचं वल्हं, असं सगळं ओळीने मांडलेलं. त्या वर्षी मामाजींनी ओळीच्या शेवटी प्रिंटर उचलून ठेवला. कॉम्प्युटर नाही, नुसता प्रिंटर. कॉम्प्युटर नुसता बघायचा असतो, काम हाच करतो, असं त्यांचं म्हणणं. शेजारच्या बायका बघायला उभ्या होत्या. मी मागे सरकले, तर मामाजींनी कुंकवाची वाटी माझ्यापुढे धरली.

“मशीन तूच चालवते न? मंग कुकू तूच लाव.”

मी प्रिंटरला हळदकुंकू लावलं आणि झेंडूचा हार घातला. मामाजींनी नंतर तो पुन्हा जागेवर नेऊन ठेवला.

दुपारी ते गेल्यावर मी समोरचा कॉम्प्युटर सुरू केला, मागे धावले, अर्ज पाठवला आणि कान देऊन बसले. आवाज नाही. पुन्हा पाठवला. नाही. तिसऱ्यांदा पाठवला आणि मग समोर जाऊन बघितलं. प्रिंटरची पिन काढलेली होती आणि वायर गुंडाळून तिला पूजेचा धागा बांधलेला होता. पूजा झालेलं जाळं दुसऱ्या दिवशीपर्यंत पाण्यात टाकायचं नाही, त्या दिवशी त्याला सुटी, हा आमच्या घरचा नियम मला ठाऊक होता. प्रिंटरलाही तो लागू झाला असेल हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

धागा सोडायला माझा हात धजेना. कुंकू मीच तर लावलं होतं. छापलं नाही म्हणजे गेलं वाया, असं समजून मी कॉम्प्युटर बंद केला. पाठवलेलं काम आत तसंच थांबून राहतं, यंत्र पुन्हा सुरू झालं की बाहेर पडतं, हे नवऱ्याला माहीत असेल. मला त्याने सांगितलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी शाळेतून आले तर माझ्या खोलीत, कॉम्प्युटरच्या कीबोर्डवर अर्जाच्या दोन प्रती. फुंकर घालून वाळवलेल्या, खाली संस्थेचा गोल शिक्का, बाजूला मामाजींची सही. मामाजी अंगणात मुलीला चिंचोके खेळायला शिकवत होते. त्यांनी मान वर न करता सांगितलं की सकाळी मशीन सुरू केली तर तुझे कागद निघाले, ठप्पा मारून ठेवले आहेत. नेहमीचाच आवाज. मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघत राहिले, चोराच्या मनात चांदणं म्हणतात तसं. तिथे काही दिसलं नाही. माझा जीव भांड्यात पडला. प्रश्नपत्रिकेसारखंच झालं, न वाचता शिक्का मारला, असं मी स्वतःला समजावलं. मी तीनदा पाठवलं होतं आणि प्रती दोनच होत्या, हे मोजायचं मला सुचलं नाही.

चार दिवसांनी ते तलावावर गेलेले बघून मी बिनशिक्क्याची नवी प्रत छापली आणि शाळेमार्फत पाठवली.

पुढे काही महिने काहीच कळलं नाही. सरकारी काम नि सहा महिने थांब. उन्हाळा लागता लागता मी एक दिवस रजा टाकून, आरमोरीला बस बदलून गडचिरोलीच्या ऑफिसात चौकशीला गेले. तिथल्या बाबूने फाइल काढली आणि म्हणाला, बाई, तुमचे दोन अर्ज आहेत, आणि हे असले दाखले कोण जोडायला सांगतो तुम्हाला? त्याने फाइल माझ्याकडे वळवली.

वर माझा अर्ज होता, शिक्क्याचा. तिसरी प्रत. तिला टाचलेलं संस्थेचं लेटरहेड, मधोमध ती बारीक पांढरी रेघ. खाली निळ्या पेनने, टपोऱ्या अक्षरात मामाजींनी लिहिलं होतं:

‘दाखला देण्यात येतो की, सदर बाई माझी सून आहे. माझा मुलगा वारला. मी म्हातारा असून दिवसभर तलावावर असतो. बाईकडे व नातीकडे पाहणारे सासरी कोणी नाही. तरी त्यांना त्यांच्या गावाकडे बदली द्यावी. मी मागाहून कोणतीही तक्रार करणार नाही.’

खाली सही, सचिव, आणि गोल शिक्का.

बाबू सांगत होता की एक म्हातारे दिवाळीच्या आधी स्वतः येऊन हे देऊन गेले, अर्धा दिवस रांगेत थांबून. मच्छीमार संस्थेचा दाखला इथे काही कामाचा नाही हे त्याने त्यांना समजावलं, तर ते म्हणाले, ठप्पा खरा आहे, राहू द्या. तुमची बदली तशीही यादीत आहे, असंही तो म्हणाला. मला एवढंच ऐकू आलं की ते दिवाळीच्या आधी आले होते. म्हणजे सबंध हिवाळा त्यांनी माझा डबा भरला होता, ते वाक्य वाचून झाल्यावर.

परतीच्या बसमध्ये मी काय विचार केला ते आठवत नाही. लाज वाटत होती एवढं आठवतं. घरी पोचले तेव्हा लाइन गेलेली होती. मामाजी समोरच्या खोलीत, दाराच्या उजेडात जाळं शिवत बसले होते. मी चप्पलही काढली नाही.

“वाचलं होतं, तर बोलले का नाही, मामाजी?”

त्यांनी सुई थांबवली नाही.

“काय बोलू? अर्जात तसंच लिवा लागते, बाई. मी नाई का दरवर्षी लिवत, तलावात मासोळी उरली नाई म्हणून? उरली म्हटलं का ठेका वाढवते. मासोळीले त्याचा राग येत नाई.”

मी हसले नाही, तेही हसले नाहीत. मी म्हटलं की मला तुम्हाला सांगायला हवं होतं, मी घाबरले. ते म्हणाले, लेकरू आईकडे जाईल नाहीतर कुठे जाईल, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. मग बराच वेळ ते गाठी मारत राहिले. एक गाठ चुकली, त्यांनी ती दाताने सोडवली. जाळं खाली ठेवून त्यांनी पहिल्यांदाच माझ्याकडे सरळ बघितलं.

“पण ते खोटं आहे न?”

“खोटं आहे, मामाजी. अगदी खोटं आहे.”

त्यांनी मान हलवली. तेवढ्याने त्यांचं भागलं नव्हतं, ते मला दिसत होतं. जन्मभर कागदावर जगलेला माणूस तो. ठेका कागदावर, तलावाची हद्द कागदावर, मुलगा गेल्याचाही कागदच मिळाला होता.

“मले समजते खोटं आहे म्हणून,” ते म्हणाले. “पण जे लिवलं ते खोटं आहे, अन् जे खरं आहे ते कुठीच लिवलं नाई. उद्या नात मोठी झाली, तिच्या हाती तो अर्ज पडला त तिले काय समजंल?”

लाइन साडेसहाला यायची होती. तोवर आम्ही दोघं तिथेच बसलो. मुलगी खेळून आली, तिने पाणी प्यायलं, आमच्याकडे बघितलं आणि गुपचूप आजोबांच्या मांडीवर डोकं ठेवून पडली. ते तिच्या वेण्या चाचपत राहिले.

लाइन आली तशी मी मागे गेले. कॉम्प्युटर लावला. काय लिहायचं ते ठरलेलं होतं. ‘लिहून देते की, मी बदलीच्या अर्जात लिहिलेले वाक्य खोटे आहे. माझा नवरा वारल्यापासून माझ्याकडे व माझ्या मुलीकडे माझ्या सासऱ्यांनी पाहिले. डबा केला, वेण्या घातल्या, कधी शब्दाने दुखवले नाही. यापुढे त्यांच्याकडे पाहणे हे माझे काम आहे.’ खाली माझं नाव घातलं. मग दारात येऊन नेहमीसारखं म्हटलं, “मामाजी, सुरू करा.”

स्टॅबिलायझर खटकला. कॉम्प्युटर घुरघुरला. मग प्रिंटरचा तो ओळखीचा, दात खाल्ल्यासारखा आवाज अंगणापलीकडून आला. मी जागची हलले नाही. त्यांना वाचायला जितका वेळ लागणार तितका देऊन उभी राहिले. पुष्कळ वेळ लागला.

“निघाला,” समोरून आवाज आला, रोजच्यापेक्षा हळू.

मी समोर गेले. ते कागदावर फुंकर घालत होते. शाई केव्हाच वाळली असावी, तरी घालत होते. माझ्यापुढे कागद धरून त्यांनी सहीची जागा बोटाने दाखवली. मी सही केली. त्यांनी डब्यातून शिक्का काढला, शाईवर दोनदा दाबला, माझ्या सहीच्या शेजारी उठवला, खाली तारीख घातली आणि तो कागद संस्थेच्या फाइलमध्ये, ठेक्याच्या कागदांच्या वर, लावून ठेवला.